कुत्री विताना : कळांच्या खुणा आणि धोक्याच्या वेळा



यंदाच्या येळवशीच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. शेतावरची भज्जी-आंबील खाऊन निम्मी मुले सुस्तावलेली, निम्मी गैरहजर. प्रार्थनेची घंटा व्हायची होती. सातवीतला एक मुलगा कार्यालयाच्या दारात येऊन उभा राहिला. दप्तर नाही, पायात चप्पल नाही.

"सर, आमची कुत्री रातच्यापासून कण्हायलीय. पिल्लू येईना. आजी म्हणते, जनावर आहे, त्याचं त्याला कळतं. तुम्ही सांगा, काय करू?"

मी त्याला तीन प्रश्न विचारले. जोर कधीपासून करते आहे? एखादे पिल्लू बाहेर आले का? अंगावरून काय जाते आहे, कोणत्या रंगाचे?

"जोर पहाटेपासून करायलीय, सर. पिल्लू एकबी नाही. आणि हिरवं जायलंय. काळपट हिरवं."

तिसरे उत्तर ऐकले आणि मी खुर्चीतून उठलो. का उठलो, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. आपल्या शाळेतली बरीच मुले शेतावरून, आखाड्यावरून येतात. प्रत्येक आखाड्यावर एक तरी कुत्री असते. भाद्रपदात कुत्री माजावर येतात हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. भाद्रपद-आश्विनात फळलेली कुत्री दोन महिन्यांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीत विते. गावातल्या कडब्याच्या गंज्या तेव्हा पिल्लांनी भरलेल्या असतात. तरीही गाय अडली तर सगळी आळी धावते आणि कुत्री अडली तर कोणी वळूनही पाहत नाही.

मीही पाहिले नव्हते. १९९८ साली आमच्या शेतावर राणी नावाची कुत्री होती. लांब तोंडाची, पोट खपाटीला गेलेली, कारवानी वळणाची. संध्याकाळी तिला कळा लागल्या. रात्री हिरवट पाणी गेले. आम्ही म्हणालो, पाणमोट फुटली, आता पिल्लू येईल. पिल्लू आले नाही. सकाळी म्हशींना दूध उतरवण्याचे इंजेक्शन देणारे एक गृहस्थ वाटेने चालले होते. त्यांनी उपकार म्हणून तेच इंजेक्शन राणीला टोचले. दुपारपर्यंत राणी गेली. पुढे एका पशुवैद्यकाशी बोलताना उलगडा झाला. दार बंद असताना आतून जोराने ढकलले तर जे व्हायचे तेच झाले होते. त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. आमचाही नव्हता. आम्हाला फक्त कोणत्या वेळी थांबायचे आणि कोणत्या वेळी धावायचे, हे माहीत नव्हते.

आता थोडे विज्ञान. नववी-दहावीच्या मुलांनी लक्ष देऊन वाचावे.

कुत्रीचा गर्भकाळ सरासरी ६३ दिवसांचा. शेळीचा पाच महिने, गाईचा नऊ महिन्यांहून थोडा अधिक. फळल्याच्या दिवसापासून मोजले तर कुत्रीच्या बाबतीत चार-पाच दिवस मागेपुढे सहज होतात. कारण नराशी संयोग झाला त्याच दिवशी गर्भ राहतो असे नाही, बीज काही दिवस जिवंत राहते. तिचे गर्भाशय माणसासारखे एका पिशवीचे नसते. गुलेर करायला आपण बेचकी तोडतो, तसा त्याचा आकार. दोन लांब फाटे आणि खाली एक लहान दांडा. दोन्ही फाट्यांत पिल्ले शेंगेतल्या दाण्यांसारखी ओळीने असतात आणि सर्वांना एकाच दाराने बाहेर यायचे असते. म्हणून एक पिल्लू वाटेत आडवे बसले की मागची सगळी रांग अडते. एकाच्या अडण्याने चार-पाच जीव आणि आईचा जीव पणाला लागतो, तो यामुळे.

विण्याचा दिवस जवळ आल्याची सर्वांत भरवशाची खूण थर्मामीटर देतो. कुत्रीचे तापमान एरवी १०१ ते १०२ अंश फॅरेनहाइटच्या आसपास असते. गर्भ टिकवून धरणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक शेवटच्या दिवशी एकदम कमी होते आणि त्याबरोबर तापमान ९९ च्या खाली उतरते. त्यानंतर साधारण २४ तासांच्या आत कळा सुरू होतात. ही उतरण काही तासांचीच असते, म्हणून शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ तापमान पाहावे लागते. थर्मामीटर गुदद्वारात लावायचा, टोकाला व्हॅसलिन लावून, आणि तो पुन्हा माणसांसाठी वापरायचा नाही. हे घरच्या, हाताळू देणाऱ्या कुत्रीपुरतेच, आणि मोठ्या माणसानेच करायचे. गल्लीतल्या कुत्रीच्या शेपटीखाली हात घालायला कोणी जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको. तरी मुलांनो, तुमच्यातल्या दोघा-तिघांची नावे डोळ्यांसमोर आहेत म्हणून सांगतो.

थर्मामीटर नसला तरी डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा आहेत. कुत्री अन्न सोडते. एका जागी बसत नाही. कडबा, पोती, जुने धुडके पायाने उकरून अंथरूण करते, मोडते, पुन्हा करते. धापा टाकते, थरथरते, कधी ओकते, सारखी मागे वळून पाहते. अंधारी जागा शोधते. आत गर्भाशयाचे तोंड उघडत असते, बाहेर जोर दिसत नाही. याला सहा ते बारा तास लागतात, पहिलटकरीण असेल तर कधी पूर्ण दिवस. या वेळी माणसाने करण्यासारखे एकच काम आहे, ते म्हणजे लांब राहणे. पाणी ठेवावे, मुलांना हाकलावे, शेजाऱ्यांना तमाशा दाखवू नये. बघ्यांमुळे घाबरलेल्या कुत्रीच्या कळा थांबतात, हे खरे आहे.

पुढचा टप्पा जोर करण्याचा. पोट आवळलेले स्पष्ट दिसते. इथून पुढे घड्याळ पाहायचे. पालकांनी ही ओळ कापून भिंतीवर चिकटवली तरी चालेल : सतत, नेटाने जोर चालू असून अर्ध्या तासात पिल्लू आले नाही, तर वाट पाहायची नाही. पाणमोट फुटून दोन तास झाले आणि पिल्लू नाही, तरी तेच. दोन पिल्लांच्या मध्ये कुत्री विश्रांती घेते, आधीच्या पिल्लांना चाटते, पाजते. तो वेळ अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत असू शकतो आणि त्यात घाबरण्यासारखे नाही. पण आत पिल्ले आहेत हे कळत असून दोन तासांहून जास्त झाले, किंवा मधल्या वेळात ती निपचित पडली, तर डॉक्टरांना कळवावे. तापमान उतरून एक दिवस गेला आणि कळाच नाहीत, किंवा फळल्यापासून सत्तर दिवस झाले, तरीही.

रंगाविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण आम्ही तिथेच फसलो होतो. गाय-म्हैस विताना हिरवे काही जात नाही, म्हणून आपल्या लोकांना या रंगाचा अर्थ ठाऊक नाही. कुत्रीच्या वारेच्या कडेला रक्त साठलेले असते. ते रक्त मोडून त्यातून गडद हिरवे रंगद्रव्य तयार होते, त्याला युटेरोव्हर्डिन म्हणतात. वार गर्भाशयापासून सुटली की हा रंग बाहेर येतो. एक पिल्लू जन्मल्यानंतर हिरवे गेले तर ते स्वाभाविकच आहे, त्याची वार सुटली एवढाच त्याचा अर्थ. पण पहिले पिल्लू येण्याआधीच हिरवे गेले, तर आत कोणाची तरी वार सुटली आहे. ते पिल्लू आईपासून तुटले, त्याला मिळणारा प्राणवायू बंद झाला, आणि ते अजून आतच आहे. रंग एकच आहे. पिल्लाच्या आधी आला की नंतर, यावर सगळे अवलंबून. भळाभळा लाल रक्त किंवा कुजका वास असेल तर मात्र आधी-नंतर काही पाहायचे नाही, लगेच निघायचे.

'वार' या शब्दावरून आठवले. माझी पदवी हिंदी माध्यमातली. तिथल्या खेड्यांत जनावराच्या वारेला 'जेर' म्हणतात. पाठ्यपुस्तकात 'अपरा' छापलेले असते, पण गोठ्यात उभा राहून कोणी 'अपरा पडली का' असे विचारत नाही. मुलांनी परीक्षेत अपरा लिहावे आणि डॉक्टरांना फोनवर वार म्हणावे. डॉक्टरांना समजते.

लोक विनाकारण घाबरतात अशीही एक गोष्ट आहे. पिल्लू मागच्या पायांकडून आले की 'उलटे आले' म्हणून ओरड होते. गाईच्या बाबतीत ती ओरड योग्य आहे. कुत्रीत मात्र दहातली जवळपास चार पिल्ले मागच्या पायांनीच येतात आणि सुखरूप येतात. पिल्लू आडवे असणे, मान मागे मुडपलेली असणे किंवा एकुलते एक असल्याने फार मोठे झालेले असणे, ही अडण्याची खरी कारणे. कधी कुत्रीची ताकद संपते आणि गर्भाशय आवळायचेच थांबते. जातीचाही संबंध आहे. २००३च्या सुमारास एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचे कुत्रे आले आणि आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत त्याची हौस पोहोचली. चपट्या तोंडाच्या या जातींत पिल्लाचे डोके मोठे आणि आईची वाट अरुंद, त्यामुळे शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव अधिक. आपल्या दख्खनच्या लांब तोंडाच्या शिकारी कुत्र्यांचे तसे नाही. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना त्यांची जोडी भेट दिली. २००५ साली मुधोळ कुत्र्यावर टपाल तिकीटही निघाले. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचे संशोधन केंद्र आहे. ते चालवणाऱ्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या बीदरला आहे, हे आपल्याच पुष्कळ मुलांना माहीत नाही. ही कुत्री सहसा सहज वितात. सहसा. राणीही त्याच वळणाची होती.

इंजेक्शनविषयी. म्हशीला पान्हा आणण्यासाठी बाहेर जे चोरून टोचले जाते ते ऑक्सिटोसिन. हेन्री डेल यांनी १९०६ साली पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आवळते हे दाखवले. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ साली ते प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. औषध उत्तमच आहे. डॉक्टर तेच वापरतात, पण अगदी थोड्या मात्रेत, आणि वाट मोकळी आहे याची हाताने किंवा एक्स-रेने खात्री करून घेतल्यावर. वाट अडलेली असताना ते टोचले तर गर्भाशय फाटू शकते. म्हणून कोणी कितीही अनुभवी असो, कुत्रीला घरी इंजेक्शन देऊ देऊ नका.

पिल्लू बाहेर आल्यावर कुत्री पातळ पिशवी फाडते, नाळ तोडते, चाटून चाटून पिल्लाला रडवते. पहिलटकरीण गोंधळली आणि मिनिटभरात तिने पिशवी फाडली नाही, तर आपण फाडावी, तोंडाकडून. नाक-तोंड पुसावे, कोरड्या फडक्याने पाठ चोळावी. पिल्लाला पाय धरून गरगरा फिरवण्याची जुनी पद्धत आहे, ती करू नये. इजा होते. नाळ बांधायची वेळ आलीच तर उकळलेल्या दोऱ्याने, पोटापासून बोटभर अंतर ठेवून. वारा मोजाव्यात, जितकी पिल्ले तितक्या. कुत्री त्या खाऊन टाकते, म्हणून लक्ष ठेवावे लागते. एक-दोन खाल्ल्याने बिघडत नाही.

आपल्या पठारावरच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बोचऱ्या असतात. पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडून अंग गरम करता येत नाही. गार पडलेले पिल्लू आईजवळ असूनही पीत नाही, आणि त्याला पाजलेले पचत नाही. त्यामुळे आधी ऊब, मग दूध. गोणपाट, कडबा, वाऱ्याला आडोसा पुरे होतो. दया येऊन मुले ड्रॉपरने गाईचे दूध तोंडात सोडतात, ते फुप्फुसात जाऊन पिल्लू दगावते. शेजारच्या गावात एका हिवाळ्यात अख्खे वेत असेच गेलेले मी पाहिले आहे, आणि पाजणारी मुले गुणी होती.

विल्यानंतरचा एक धोका शहरातल्या पालकांसाठी. पॉमेरेनियनसारख्या लहान कुत्रीला चार-पाच पिल्ले झाली की पहिल्या महिन्याभरात, दुधाचा जोर असताना, तिच्या रक्तातले कॅल्शियम एकदम घटू शकते. ती बेचैन होते, धापा टाकते, ताठ पायांनी चालते, अंग थरथरते, ताप चढतो, आणि मग झटके येतात. हे तासाभराचे काम आहे. पिल्ले दुधापासून बाजूला करून तिला तसेच दवाखान्यात न्यावे. डॉक्टर शिरेतून हळूहळू कॅल्शियम देतात आणि कुत्री डोळ्यांदेखत उठते. हे टळावे म्हणून काहीजण गाभणपणीच कॅल्शियमच्या गोळ्या चारतात. परिणाम उलटा होतो. बाहेरून आयते मिळाल्याने हाडांतले कॅल्शियम काढून घेण्याची शरीराची सवय सुस्तावते आणि ऐन गरजेला ती चालत नाही. सड दगडासारखे गरम-कठीण होणे, घाण वासाचा स्राव, ताप आणि पिल्लांकडे दुर्लक्ष, यांतले काही दिसले तरी डॉक्टर हवेत.

शाळेपुरते एक. ओली बाळंतीण कुत्री एरवी कितीही गरीब असली तरी पिल्लांजवळ कोणी गेले की चावते. चावली, ओरखडले, तर आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवायची, मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस. घरी मार बसेल म्हणून लपवायचे नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की जवळजवळ कोणीही वाचत नाही. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलवून, त्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवावे, असा आदेश दिला. विश्वस्तांनी मागच्या बाजूच्या पडक्या कुंपणाचा विषय येत्या बैठकीत घ्यावा, ही विनंती मी तोंडी केली होती, आता लेखी करतो.

त्या मुलाचे सांगायचे राहिले. मी त्याच्या काकांना फोन लावला. छोटा हत्ती भाजी उतरवून रिकामा उभा होता. कुत्रीला पोत्यावर निजवून बीदरला नेले. फाट्यावर लोक हसले, "कुत्रीसाठी टेम्पो?" म्हणून. तपासल्यावर कळले की पहिले पिल्लू आडवे बसले आहे आणि ते मेलेले आहे. हाताने सरळ होईना, म्हणून पोट उघडावे लागले. मागची चार जिवंत निघाली.

तो मुलगा तिसऱ्या दिवशी शाळेत आला, तेव्हा मी त्याला एक जुनी वही दिली. किराणा दुकानाच्या काट्यावर रोज चारही पिल्लांचे वजन करायचे आणि लिहायचे. निरोगी पिल्लू आठ-दहा दिवसांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट होते. तिघांचे झाले. चौथे, पांढऱ्या पंज्याचे, मागे पडत होते. मोठी भावंडे त्याला ढकलून मागचे, भरपूर दुधाचे सड धरत होती. मग आजीच दिवसातून चार वेळा त्याला उचलून मागच्या सडाला लावू लागल्या. बाराव्या दिवशी त्यानेही दुप्पट गाठली. वही विज्ञान कक्षात ठेवली आहे, आलेख काढायला आठवीच्या मुलांना उपयोगी पडेल. पिल्ले आठ आठवड्यांची झाल्याशिवाय आईपासून तोडायची नाहीत, असे ठरले आहे. दोन पिल्ले बोलली गेली आहेत. उरलेल्या दोघांसाठी ज्यांच्या आखाड्यावर जागा आहे, त्या पालकांनी कार्यालयात नाव द्यावे. पांढऱ्या पंज्याचे मात्र आजी कोणाला देणार नाहीत.